आगर पिल्सनरला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

मी, श्रीमती नीता बाळकृष्ण रिसबूड, वय एकोणसत्तर, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, माझ्या हाताने आणि माझ्याच पेनाने लिहून ठेवत आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट ‘आत्ता कशाला हे अभद्र’ म्हणून चिरंजीवांचे फोन येत आहेत, त्यांना न जुमानता लिहीत आहे.

मृत्युपत्रात ‘शरीराने व मनाने धडधाकट असताना’ असे लिहायची पद्धत आहे, असे आमच्या वकिलांनी सांगितले. मन धडधाकट आहे. शरीराबद्दल खोटे कशाला लिहू? माझ्या नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या तळाला टेकून, एक गाठ आहे. ती कर्करोगाची नाही. चोवीस फेब्रुवारीला, मंगळवारी, ती काढणार आहेत. जिवाला फारसा धोका नाही, पण वास येणे कायमचे बंद होईल, असे सर्जनबाईंनी मला समोर बसवून सांगितले. मी त्यांना म्हटले की मी उभी हयात बिअरचा वास घेऊन पोट भरले आहे. त्यांना वाटले मी विनोद करते आहे.

तेव्हा जीव गेला तर काय, आणि जीव राहून नुसते नाक गेले तर काय, या दोन्हींची सोय या कागदात केली आहे. दुसऱ्या गोष्टीची सोय मृत्युपत्रात करता येत नाही, कारण मृत्युपत्र माणूस मेल्यावरच बोलू लागते, असे वकिलांचे म्हणणे. मी ते नीट ऐकून घेतले आणि तरीही कलम आठ लिहिले.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी अ‍ॅड. शार्दूल वैद्य यांनी करावी. ते चांगले वकील आहेत. फक्त त्यांनी परफ्यूम लावून माझ्याकडे येऊ नये, हे मी त्यांना तोंडावरही सांगितले आहे.

कलम २. खांदा कॉलनीतील राहता फ्लॅट माझ्या व यजमानांच्या कष्टाच्या कमाईतला आहे. तो माझा एकुलता एक मुलगा चि. अपूर्व यास देत आहे. त्याने तो ठेवावा, भाड्याने द्यावा किंवा विकावा. विमानतळ झाल्यापासून आमच्या इमारतीतला प्रत्येक माणूस जिन्यात गाठून भाव सांगतो, त्यांचे ऐकून घाई करू नये एवढेच.

अपूर्व शाळेत असताना त्याने ‘माझी आई’ या निबंधात, आई तळोज्याला बिस्किटांच्या कारखान्यात साहेब आहे, असे लिहिले होते. मी तळोज्याला बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. निबंध वाचून त्याच्या वर्गशिक्षिकांनी मला बिस्किटे कशी होतात ते मुलांना सांगायला बोलावले. मी गेले. बार्लीला मोड आणून ती भाजली की बिस्किटासारखा वास सुटतो, हे अगदी खरे सांगितले, आणि पुढचे सांगायच्या आत तास संपवला. मला राग आला नव्हता, वाईट मात्र वाटले होते. आता तो पुण्यातल्या मित्रांना आई बिअरची परीक्षक आहे म्हणून कौतुकाने सांगतो. अपूर्व, उशीर झाला खरा, पण ते ऐकून मला बरे वाटते.

कलम ३. बँकेतील ठेवी अपूर्व आणि सूनबाई चि. सौ. इरा यांना निम्म्या-निम्म्या द्याव्यात. यातून कलम नऊमधली एक ठेव वगळावी. दागिने सगळे इराला. त्यातली मोत्यांची कुडी मात्र माझ्या धाकट्या नणंदबाईंना द्यावी. मला नोकरी लागली त्या वर्षी मंगळागौरीला त्यांनी चार बायकांदेखत म्हटले होते की वहिनी जिथून येते ते पाहता तिच्या हातचे तीर्थ घ्यावे की नाही असा प्रश्न पडतो. पुढे त्यांच्याच मुलाच्या लग्नात श्रीखंडाचा चक्का उतरला आहे हे पंगत बसायच्या आधी मी लांबून वासावरून ओळखले आणि आचाऱ्याला सांगून ते पातेले मागच्या मागे हलवले. त्यांची लाज राहिली. त्याबद्दल त्यांनी आजतागायत अवाक्षर काढलेले नाही. इराने ही हकीकत त्यांना आधी वाचून दाखवावी आणि मग कुडी द्यावी.

कलम ४. मद्य पिण्याचा आजीव परवाना माझ्या नावावर आहे. तो काढताना ‘प्रकृती जपण्यासाठी मद्याची गरज आहे’ असे मी अर्जात लिहून दिले होते, आणि सरकारने ते मान्य केले. हा परवाना कोणाला देता येत नाही. अपूर्व तो फ्रेम करून भिंतीवर लावील अशी मला शंका आहे. तसे करू नये. ज्या प्रकृतीसाठी तो घेतला ती संपली की फाडून टाकावा.

कलम ५. यजमानांची वेताची आरामखुर्ची आपटा गावात आमची बिअर बनते त्या शेडच्या ओसरीत ठेवावी. यजमानांचे नाव बाळकृष्ण. घरात सगळे त्यांना बाळू म्हणत, मी ‘अहो’. ते पोस्टात होते. बिअरचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावला नाही. संध्याकाळी मी कंपनीच्या बसने घरी आले की त्यांनी चहा करून ठेवलेला असे, आणि त्या खुर्चीत बसून ते विचारत, ‘आज काय होतं?’ मग मी सांगायची. आज एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, म्हणजे ती शिळी झाली. आज एका टाकीला उकडलेल्या मक्याचा वास होता, म्हणजे उकळी कमी पडली. ऐकून ऐकून ते इतके तयार झाले की एका लग्नात मठ्ठ्याचा द्रोण तोंडाला लावून हळूच माझ्या कानात म्हणाले, ‘पुठ्ठा आहे गं.’

पिणाऱ्या लोकांनी माझे काम जेवढे समजून घेतले नाही तेवढे या न पिणाऱ्या माणसाने घेतले. ते गेल्यापासून ‘आज काय होतं’ असे विचारणारे घरात कोणी नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि हे कायदेशीर कागदात लिहायला हरकत नसावी.

कलम ६. माझे चाखायचे ग्लास, थर्मामीटर आणि वास नसलेला साबण केतन यास द्यावा. केतन आपट्याच्या शेडमध्ये बिअर बनवतो. त्याचा हात चांगला आहे. ग्लास कोणालाही कोकम सरबतासाठी देऊ नयेत, पाहुणे कितीही आले तरी.

ग्लासांबरोबर काही नेम जातात. चाखायला बसायचे ते सकाळी, न्याहारी होऊन जरा वेळ गेल्यावर आणि जेवणाच्या आधी. त्या दिवशी केसांना तेल नाही, गजरा नाही, अत्तर नाही, पान-तंबाखू नाही. शेडमधल्या गणपतीला उदबत्ती संध्याकाळी लावावी, तो रागावत नाही. मधूनमधून बिनमिठाचे कुरमुरे खावेत आणि साधे पाणी प्यावे. आधी डोळ्यांनी बघावे, मग हुंगावे, मग घोट घ्यावा, आणि तो गिळावा. वाइनवाले थुंकतात. बिअरचा कडूपणा जिभेच्या मागे, गळ्यापाशी कळतो, त्यामुळे थुंकून चालत नाही. गिळल्यावर गप्प बसून वाट बघावी. बहुतेक लोक नेमकी तेव्हाच बोलायला लागतात.

बिअरच्या प्रकारांत पिल्सनर ही मला साध्या वरणासारखी वाटते. आमटीत गूळ, आमसूल, गोडा मसाला घालून काहीही झाकता येते. साध्या वरणात डाळ करपली तर करपलेलीच लागते. पिल्सनर सोनेरी आणि आरपार दिसेल इतकी नितळ असावी. वर पांढरा फेस, घट्ट, लगेच न बसणारा. पहिला वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, त्याच्या मागून ओल्या गवताचा आणि थोडा फुलांचा. घोटाच्या शेवटी कडू लागावे, मेथीच्या भाजीइतके, आणि ते कडू आपल्या पायांनी निघून जावे. तोंड स्वच्छ झाले आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला की पिल्सनर जमली. यापलीकडे शब्द वापरणाऱ्याला केतनने चहा देऊन वाटेला लावावे.

कलम ७. ‘आगर’ या नावाने पिल्सनर बनवणाऱ्या भागीदारीतला माझा हिस्सा दीपेश कमळाकर घरत, राहणार गव्हाण, यास द्यावा. भागीदारी त्याची आहे, कष्ट त्याचे आहेत, मी नावापुरती होते.

दीपेशच्या घराण्याची मिठागरे होती. ती गेली, शेती गेली, बदल्यात प्लॉट आले, आणि त्याच्या बरोबरीच्या सगळ्या पोरांनी बिल्डरबरोबर फोटो काढून घेतले. हा बिअर शिकायला गेला. निवृत्तीनंतर मी घरी बसले होते तेव्हा कोणाकडून तरी माझे नाव काढून तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन दारात उभा राहिला. मी एक घोट घेतला आणि उरलेली बाटली त्याच्यादेखत मोरीत ओतली. खारट होती. गव्हाणच्या बोअरचे पाणी वापरले होते, त्यात दुसरे काय होणार? पिल्सनरला मऊ पाणी लागते. मला वाटले पुन्हा यायचा नाही. तो पाताळगंगेकाठी आपट्याला जागा घेऊन, तिथल्या पाण्याची बिअर घेऊन परत आला. ती मी मोरीत ओतली नाही.

त्याने मला भागीदार व्हायला सांगितले, तेव्हा मी एकच अट घातली. माझी सही झाल्याशिवाय शेडमधून एकही पिंप बाहेर जाणार नाही. कारखान्यात मी ‘नाही’ म्हणायची तेव्हा वर कोणी तरी साहेब ते ‘चालेल’ करून घ्यायचा. इथे ‘नाही’ म्हणजे नाही. दीपेशने ते भागीदारीच्या करारात घालून घेतले.

कलम ८. हा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क ही माझी सर्वांत मोठी मिळकत आहे. फ्लॅटपेक्षा मोठी. मी गेल्यावर तो चुकीच्या हाती पडला तर आगर वर्षभरात इतर बिअरसारखी होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून यावर मी फार विचार केला.

दीपेशला तो देता येत नाही, कारण पिंप विकले गेले तरच त्याची चूल पेटते. केतनला देता येत नाही, कारण आपल्या हातच्या स्वयंपाकाला नावे ठेवणारा आचारी मी पाहिलेला नाही. अपूर्वची इच्छा होती. त्याला मी तीन ग्लास दिले, दोन सारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते विचारले. त्याने बरोबर ओळखला. पण उत्तर देण्याआधी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि दुसऱ्या फेरीलाही पाहिले. लहानपणापासून त्याला समोरच्याला काय आवडेल ते आधी कळते. माणूस म्हणून हा मोठा गुण आहे, परीक्षक म्हणून तो उपयोगाचा नाही.

हा हक्क मी दीपेशची धाकटी बहीण सौ. दिपिका हिला देत आहे. ती जेएनपीटीजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. दर शनिवारी मला गाडीने पनवेलहून आपट्याला ने-आण करण्याचे काम दीपेशने तिच्या गळ्यात घातले होते. बसल्या बसल्या तीही हुंगू लागली. तिला का देत आहे ते सगळ्यांना कळावे म्हणून तिच्या हळदीची हकीकत लिहिते.

दिपिकाचे लग्न ठरले, आणि तिचे वडील कमळाकरराव यांनी जाहीर केले की गव्हाणला हळदीच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला घरची आगर पाजायची. आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, सगळा गाव आणि गावाचे पाहुणे. आता पिल्सनरचे असे असते की आंबून झाल्यावर तिला यीस्टबरोबर काही दिवस जरा उबेत ठेवावे लागते. आंबताना तिच्यात तुपासारखा वास तयार होतो आणि तो यीस्टच परत खाऊन टाकते. पण हळदीचा दिवस भटजींनी काढला होता, टाकीला विचारून काढला नव्हता. केतनने घाई केली आणि टाकी लवकर गार केली.

आदल्या दिवशी शेडमध्ये कमळाकरराव आणि घरातले मोठे लोक चाखायला जमले. सगळे खूश. कोणी म्हणाले, लोणी कढवत ठेवल्यासारखा घमघमाट आहे. आपल्याकडे तुपाच्या वासाला वाईट म्हणणारा माणूस सापडायचा कुठे? ज्या वासाने घरात सण आला असे वाटते, तोच पिल्सनरमध्ये दोष आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? तरी सांगितले. मी दीपेशला आणि कमळाकररावांना बाजूला घेऊन ‘नाही’ म्हटले.

कमळाकरराव माझ्याशी नेहमी अदबीने बोलतात. त्या दिवशी म्हणाले, ‘बाई, आमचे पोरीचे हलदीला तुमी नाय म्हनता? घरचा माल घरच्या कार्याला चाललाय, त्याला सही कसली?’ दीपेश दोघांच्या मधे उभा होता. पिंपे गव्हाणला गेली.

मला आमंत्रण होते, म्हणून हळदीला गेले. मांडवात धवलारीण गात होती, बायका दिपिकाला हळद लावत होत्या. मी कोपऱ्यात खुर्चीवर लिंबू सरबत घेऊन बसले होते. टाकीबद्दल दिपिकाला मी काही बोलले नव्हते, आणि हळदीच्या घरात दुसरे तरी कोण बोलणार? तिला कोणी तरी थट्टेने ग्लास दिला की घे, तुझ्या भावाची बिअर. तिने हळदीच्या हातांनी तो घेतला, सवयीने हुंगला आणि तसाच धरून बसली. मग तिने वडिलांना बोलावून घेतले. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाली, ‘बाबा, हिला तूप लागलंय. आपली आगर अशी नसते. माजे हलदीला ही नको.’

मला वाटते त्या मांडवात त्याहून कठीण काम कोणी केले नसेल. नवरीने काही मागावे आणि बापाने पुरवावे असा तो दिवस. तिने बापाच्या हौसेला सगळ्या गावासमोर नको म्हटले. पिंपे बंद झाली, उलव्याच्या दुकानातून बाटल्या आल्या. कमळाकरराव पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. लेकीशी बोलले, कारण ती पाठवणीच्या वेळी रडली.

दिपिकाचे सासर मोऱ्याला. सासरे काशिरामभाऊ यांचा बोटींचा धंदा आहे. सुनेने शनिवारी बिअर हुंगायला जाणे त्यांना कितपत पसंत पडेल अशी शंका होती, तेव्हा ते स्वतःच एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि पोर पिते काय असे विचारले. मी सांगितले की एका ग्लासातला एक घोट गिळावा लागतो, त्याशिवाय कडू कळत नाही, बाकीचा ग्लास ओतून देतो. ते म्हणाले, ‘आमीपन मासली हुंगूनच घेताव. बंदरावर ज्याला नाक नाय त्याला धंदा नाय. एक घोट चालंल. लोकांना काय सांगायचा ता मी सांगन.’ हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

ऑपरेशनमध्ये मी गेले तर हा हक्क त्या क्षणापासून दिपिकाचा. मी वाचले आणि नाक गेले तरीही तो त्या क्षणापासून दिपिकाचा. या एका कलमापुरती मला मेलेली समजावे. मी दयेखातर हातात घातलेला ग्लास घेणार नाही, आणि ‘बाईंना पण विचारू’ असे कोणी म्हणू नये.

कलम ९. एक मुदतठेव मी वेगळी ठेवली आहे. तिच्या व्याजातून श्री. कमळाकर घरत यांना दर दिवाळीला एक डबा साजूक तूप घरपोच द्यावे, चांगल्या दुकानातून. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. लेकीच्या हळदीला घरचे पाजावे असे वाटणे यात काय चुकले? तूप त्यांनी भातावर घ्यावे.

कलम १०. माझ्या मृत्यूनंतर देह दवाखान्यातून परस्पर न्यावा. अंगावर अत्तर शिंपडू नये, हार झेंडूचे चालतील, निशिगंध नको. दिवस घालावेत की नाही ते अपूर्वने ठरवावे, मला दोन्ही चालते. कोणाला माझ्या नावाने बिअर पाजायची इच्छा झाली तर पाजावी, पण दिपिकाने ‘हो’ म्हटलेलीच. नणंदबाईंना सरबत द्यावे.

कलम ११. हे कलम आज शनिवारी, आपट्याहून परत आल्यावर लिहीत आहे. वरची दहा कलमे मागच्या आठवड्यात लिहून झाली होती आणि मी निश्चिंत होते.

आज ऑपरेशनच्या आधीची शेवटची टाकी चाखायची होती. मनात असे होते की हिच्यावर आपली सही करावी आणि मग नाकाचे काय व्हायचे ते होवो. दीपेशने वडिलांनाही बोलावले होते. कमळाकरराव शेडमध्ये बऱ्याच दिवसांनी आले, मला नमस्कार केला आणि बाकावर टोकाला बसले.

मी बघितले, हुंगले, घोट घेतला, गिळला, थांबले. पावाची कड होती, गवत होते, कडू आले आणि गेले. मी ‘हो’ म्हटले आणि पेन उघडले. दिपिका तिचा ग्लास धरून बसली होती. ती म्हणाली, ‘बाई, जरा थांबता? गरम पाण्यात ठेवून बघू.’

ही पद्धत मीच तिला शिकवलेली. कधी कधी तूप अजून वास देत नसते, पण बिअरमध्ये दडून असते आणि पुढे पिंपात उघडे पडते. म्हणून एक ग्लास झाकून गरम पाण्यात ठेवायचा, मग गार करून दुसऱ्याशी ताडून बघायचा. दडलेले असेल तर उबेने बाहेर येते. केतनने तसे केले. आम्ही थांबलो. दीपेशने विषय काढायचा म्हणून विमानांच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगितले.

ग्लास गार झाल्यावर फिरवला. केतनने हुंगला आणि मान खाली घातली. दीपेशने हुंगला. कमळाकररावांनी हुंगला आणि माझ्याकडे दिला. मी हुंगला. स्वच्छ बिअर. ओसरीवर जाऊन पाणी प्याले, मोकळी हवा घेतली, परत येऊन हुंगला. स्वच्छ. तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा ग्लास सोडून लोकांच्या तोंडांकडे पाहिले, आणि मला कळले.

कमळाकरराव खालच्या आवाजात म्हणाले, ‘तूप हाय, बाई.’

म्हणजे जे मंगळवारी जाणार म्हणून मी इतकी तयारी केली, त्यातले काही आधीच गेले आहे, आणि मला न सांगता गेले. मागच्या टाक्या ठीक होत्या का, असे मी दिपिकाला विचारले. ती म्हणाली, होत्या. मला बरे वाटावे म्हणून ती खोटे बोलायची नाही, म्हणून मी ते खरे धरले.

मी पेन तिच्यापुढे केले. तिने घेतले, पण लिहीना. म्हणाली, ‘तुमी हो म्हटलंत. त्याच्यावर मी नाय कशी लिवू?’

मी म्हटले, ‘माझ्या तोंडाकडे बघू नकोस. ग्लासात काय आहे ते लिही.’

तिने ‘नाही’ लिहिले आणि खाली सही केली. दीपेशने केतनला टाकी पुन्हा उबेत घ्यायला सांगितले. येताना गाडीत मी रडले. दिपिकाने गाडी थांबवली नाही. पळस्प्याला आल्यावर मला वाईट वाटत असूनही आत कुठेतरी हलके वाटू लागले होते.

सबब, कलम आठ मी आज माझ्या हाताने काट मारून रद्द करीत आहे आणि काटेच्या बाजूला सही केली आहे. तो हक्क आज सकाळी माझ्यादेखत दिपिकाकडे गेला. जे माझे राहिले नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकीलसाहेबांचे मत पडले, आणि एवढ्या एका मुद्द्यावर माझे व त्यांचे एकमत आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या समोर मी सही करीत आहे.

ठिकाण: पनवेल
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२६

(सही) नीता बाळकृष्ण रिसबूड

श्रीमती रिसबूड यांनी आम्हां दोघांच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली. त्या पूर्ण शुद्धीवर व विचाराने ठाम आहेत.

साक्षीदार १: (सही) डॉ. इंद्रजीत सोमण, फॅमिली डॉक्टर, नवीन पनवेल

साक्षीदार २: (सही) काशिराम धर्मा भोईर, मोरा, तालुका उरण